जहाजी बुवांची पदकं

नोकरीतली बरीच प्रकरणं आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. कुठला आरोपी कुठल्या गुन्ह्यातला, हे कागद पाहिल्याशिवाय मला सांगता येणार नाही. ही घटना मात्र आजही जशीच्या तशी आठवते. त्या दिवशी थोडा उशीर झाला असता तर एक बाई जिवाला मुकली असती, आणि चोर सापडला म्हणून गावाने मला हार घातला असता. नावं कुणाचीच सांगत नाही. माणसं तिथेच नांदत आहेत, त्यांना सुखाने नांदू द्यावं.

गाव भातकुली तालुक्यातलं. हा सगळा खारपाणपट्टा. जमीन काळी आणि कसदार, पण विहिरीचं पाणी इतकं खारट की तोंडात धरवत नाही. मी मूळचा साताऱ्याकडचा. बदली होऊन आलो त्या पहिल्याच दिवशी हवालदाराने बजावलं होतं, "साहेब, आंघोळ कायनंबी करा, पन पेयाचं पानी इचारूनच पेत जा." इकडे पोलीस निरीक्षकाला सगळे ठाणेदार म्हणतात. सुरुवातीला लोक माझ्याशी बोलायला लागले की मला वाटायचं भांडायला आलेत. पुष्कळ दिवसांनी कळलं की ते चहाला बोलावत असतात.

अशा या गावात नौदलातून निवृत्त झालेला एक म्हातारा राहत होता. गाव त्यांना जहाजी बुवा म्हणायचं. शेतकऱ्याचं पोर, सैन्यभरतीला गेलं आणि नौदलाच्या रांगेत उभं राहिलं, एवढीच त्यांची दर्याशी ओळख. एकाहत्तरच्या लढाईत त्यांच्या जहाजाजवळचं दुसरं एक लहान जहाज शत्रूच्या माऱ्यात पेटलं होतं. तेल पाण्यावर पसरून तेही जळत होतं. बुवा कमरेला दोर बांधून त्या पाण्यात उतरले आणि पुन्हा पुन्हा उतरून त्यांनी माणसं ओढून आणली. त्याबद्दल त्यांना शौर्यपदक मिळालं. त्याच्याबरोबर लढाईची आणखी दोन पदकं होती. गावाच्या भाषेत हे तिन्ही 'बिल्ले'. पोरं त्यांना विचारायची, "आबाजी, समुद्राचं पाणी खारं असते ना?" बुवा म्हणायचे, "आपल्या विहिरीवानीच असते. बाकीचे पोट्टे थुंकत, मले घरचंच वाटे."

मी त्या ठाण्यात आलो तोपर्यंत बुवांना लकवा मारला होता. उजवी बाजू गेली होती आणि वाचाही. नुसते आवाज निघत. त्यांच्या सेवेसाठी गावातलीच एक बाई सकाळ-संध्याकाळ येत असे. नवरा गवंडी, दोन मुलं. बुवांना पुसणं, भरवणं, कूस वळवणं सगळं ती करायची, आणि मुख्य म्हणजे बुवा काय म्हणतात ते घरात फक्त तिला कळायचं. बुवांनी आवाज काढला की मुलगा-सून तिच्या तोंडाकडे बघायची.

फिर्याद आली ती नवरात्रात. सैनिकांच्या कुठल्याशा सत्कार समारंभाला बुवांना खुर्चीत बसवून न्यायचं ठरलं, म्हणून मुलाने कपाटातली पदकांची पेटी उघडली. पेटी रिकामी होती. घर पालथं घातलं, काही मिळालं नाही, तेव्हा मुलगा ठाण्यात आला. बोलणं सरळ होतं.

"साहेब, कपाटाची चाबी बाबाच्या उशाखाली अस्ते. अन् उशाजवळ कोन अस्ते? ते बाई. आता तुमीच सांगा."

"घरात दुसरं कोण येतं?"

"कोनी नाई. आई लक्ष्म्याईपासून अकोल्याले हाय, बहिनीकडं. लक्ष्म्या हलवल्या त्याच दिवशी तिच्या छातीत दुखलं. दवाखाना झाला, आता आराम चालू हाय." लक्ष्म्या म्हणजे भाद्रपदातल्या गौरी, एवढं मला एव्हाना कळलं होतं.

गुन्हा नोंदवला. पंचांसमक्ष कपाटाचा पंचनामा केला. कुलूप तोडलेलं नव्हतं, चावी जागच्या जागी होती. म्हणजे घरात वावरणाऱ्याचंच काम. अशा प्रकरणात पोलिसाचं अर्धं काम गाव करून ठेवतं, आणि तेच जास्त धोक्याचं असतं. मी गावात पोचायच्या आत बाई चोर ठरली होती.

दुसऱ्या दिवशी खबर आली. गावच्या फाट्यावर चहाचं हॉटेल चालवणारा एक जण आमचा जुना खबरी होता. इकडंतिकडं बघत म्हणाला, "साहेब, लक्ष्म्या हलवल्या त्या दिवशी ते बाई बुवाच्या घरून मोठं गठुडं घेऊन निघाली. समोरच्या दारानं नाई बरं का. गोठ्याच्या वाटेनं." आणि मग समाधानाने मला चहा दिला. त्याच्या दृष्टीने तपास संपला होता.

बाईमाणसाला जबाबासाठी ठाण्यात बोलवायचं नसतं, तिच्या राहत्या घरी जाऊन विचारायचं असतं. मी महिला शिपायाला घेऊन तिच्या घरी गेलो. दोन खोल्या, मागे परसू, त्याच्यापलीकडे जुनी विहीर. बाई भिंतीला टेकून बसली. पदर कमरेला घट्ट खोचलेला, आणि दोन्ही हात त्याच्यावर दाबून धरलेले.

"त्या दिवशी गठुड्यात काय होतं?"

"गहू होते साहेब."

"कुणाचे?"

"आईनं देल्ले. बुढ्या आईनं. म्हने, पोराईले पोळ्या करून घाल."

"कुठे आहेत ते गहू?"

"संपले. दळून आनले, खाल्ले."

हे बोलताना तिची नजर कोपऱ्यातल्या पत्र्याच्या डब्यावर गेली आणि झटकन परत आली. आयुष्यभर माणसांची तोंडं वाचून पोट भरलेलं आहे. ती खोटं बोलत होती, याबद्दल माझ्या मनात शंका उरली नाही. खाई त्याला खवखवे, ही म्हण आम्हा पोलिसांच्या तर रक्तातच असते. त्याच वेळी आणखी एक गोष्ट जाणवली, आणि ती मला आवडली नाही. ती मला घाबरत नव्हतीच. ती दुसऱ्याच कशाला तरी घाबरली होती, आणि ते काय हे मला कळेना.

परत बुवांच्या घरी आलो. सुनेला विचारलं, तर ती ठामपणे म्हणाली, "आमच्या घरातून गहू कोनाले देल्लेच नाई. धान्याच्या खोलीची चाबी माह्याजवळ अस्ते. कोन काढन गहू?"

म्हणजे गव्हाची गोष्टही खोटी. बाईचा फास आवळत चालला होता. मी बुवांच्या खोलीत गेलो. त्यांनी डाव्या हाताने माझं मनगट पकडलं आणि घशातून आवाज काढायला लागले. डोळ्यांत पाणी. मुलगा दारातून म्हणाला, "कालपासून असंच चालू हाय. बिल्ले मागून राहिले."

मी वाकून विचारलं, "बुवा, बिल्ले पाहिजेत?"

त्यांनी मान हलवली. नाही. आणि तोच हात सोडवून पलंगाजवळच्या रिकाम्या स्टुलाकडे बोट केलं. ते बाईचं बसायचं स्टूल होतं. आरोप झाल्यापासून तिला घरात येऊ देत नव्हते. बुवांना काहीतरी सांगायचं होतं आणि ते ज्या एका माणसाला कळलं असतं, तिलाच आम्ही चोर म्हणून बाहेर ठेवलं होतं. मला भलतंच अस्वस्थ वाटलं.

त्या संध्याकाळी महिला शिपाई ठाण्यात येऊन म्हणाली, "साहेब, ते बाई जेवून नाई राहिली. नवरा तिच्या हातचं पानीबी पेत नाई. अन् साहेब..." ती घुटमळली. "ते बसल्याबसल्या विहिरीकडं पाहून राह्यते."

या भागात काही वर्षं काढलेल्या पोलिसाला या वाक्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. मर्ग, म्हणजे अकस्मात मृत्यूची नोंद, दाखल करायला मी अशा विहिरींवर गेलेलो होतो. मी शिपाई पोरीला सांगितलं, उद्यापासून साध्या कपड्यात बाईच्या घरीच बसायचं, जबाबाचं काहीतरी निमित्त कर, पण नजरेआड होऊ देऊ नको. वरून साहेबांचे फोन चालूच होते. सत्काराची तारीख जवळ आलेली, लढाईतल्या सैनिकाची पदकं, वर्तमानपत्रात बातमी. "बाईच्या घराची झडती का घेतली नाही अजून?" हा प्रश्न वाजवी होता. मी झडती दुसऱ्या दिवशी दुपारनंतर ठेवली आणि पंच सांगून ठेवले.

खरं सांगायचं तर एकच गोष्ट अडत होती. गहू दिले की नाही, हे फक्त एकच माणूस सांगू शकत होतं, बुवांची बायको. आणि तिला कोणी विचारलंच नव्हतं. मी मुलाला तसं म्हणालो तर तो उसळला.

"आईले काई सांगितलंच नाई आमी! डॉक्टरनं सांगितलं हाय, धक्का बसू द्याचा नाई. बिल्ले गेले हे तिले समजलं तं ते जगन का? तुमी इचारसान अन् तिले काई झालं तं जिम्मेदार कोन?"

त्याचंही चुकलं असं म्हणवत नाही. आपल्याकडे घरोघरी हेच चालतं. म्हाताऱ्या माणसाला वाईट बातमी सांगायची नाही, डब्यात फुलं ठेवावीत तसं त्याला जपायचं, आणि घरातलं जे त्यालाच ठाऊक असतं ते विचारायचंही नाही. शेवटी मी अकोल्याच्या मुलीशी फोनवर बोललो. पदकांबद्दल चकार शब्द काढणार नाही, फक्त गव्हाचं विचारीन, या अटीवर ती कशीबशी तयार झाली.

सकाळी साध्या कपड्यात अकोल्याला गेलो. म्हातारी गॅलरीत खुर्चीवर बसून मेथी निवडत होती. मुलीने "भातकुलीकडचे ओळखीचे" म्हणून माझी ओळख करून दिली आणि माझ्याकडे डोळे वटारून बघत बाजूला उभी राहिली. इकडचं तिकडचं बोलून मी म्हणालो, "आई, तुमच्याकडे बुवांना बघायला बाई येते, तिला तुम्ही गहू दिले होते का हो?"

"देल्ले ना," म्हातारी सहज म्हणाली. "लक्ष्मीच्या कोठीतले. कावून? सून बोलली का काई?"

माझ्या जिवात जीव आला. बाई निदान इथं तरी खरं बोलली होती. कोठी म्हणजे काय, ते मात्र मला कळेना. आमच्याकडे गौरी म्हणजे नदीवरून आणलेले खडे. मी तसं म्हटल्यावर म्हातारीला माझी कीव आली.

"अरे बाप्पा, आमच्या महालक्ष्म्या उभ्या अस्तात. खाली पत्र्याच्या कोठ्या, त्या कोठ्याईत गहू भराचे, वरतं मुखवटे, लुगडी, दागिने. लक्ष्मीचं पोट भरलेलं पायजे ना! तिसऱ्या दिवशी हलवल्या का गहू काढाचे. दरसाल मीच काढतो. औंदा छातीत दुखाले लागलं, मंग त्या पोरीले म्हटलं, माय, तूच काढ अन् गोठ्याच्या वाटेनं घेऊन जाय घरी, सुनेले दिसू नको देऊ, पोराईले पोळ्या... "

ती मध्येच थांबली. हातातली मेथीची काडी खाली पडली. हात छातीवर गेला आणि चेहरा पांढराफटक झाला. मुलगी "आई!" म्हणून धावली. म्हातारीचा जीव माझ्यापुढे जातोय असं मला वाटलं, आणि मुलाचे शब्द कानात वाजायला लागले.

"माहं नवसाचं त्यातच रायलं," म्हातारी म्हणाली. "अवो माय, त्याईचे बिल्ले त्या गव्हातच रायले!"

मग सगळं बाहेर आलं. लढाई चालू होती तेव्हा ती नवी नवरी होती. रेडिओवर जहाजांच्या बातम्या येत आणि नवऱ्याचा काही निरोप नाही. तिने महालक्ष्मीला नवस केला की माणूस परत आला तर तिथून तो जे कमावून आणील ते तुझ्या पोटात ठेवीन. बुवा परत आले ते पदक घेऊन. तेव्हापासून दरवर्षी कोठी भरताना ती गव्हाच्या मध्यावर पदकं ठेवायची, तीन दिवसांनी काढून गुपचूप पेटीत परत ठेवायची. कोठी भरताना खोलीत पुरुष नसतात, आणि नवस बोलून दाखवायचा नसतो, म्हणून बुवांनासुद्धा पत्ता नव्हता. सगळं घर आणि सगळं ठाणं पदकं शोधत होतं, आणि ती कुठे आहेत हे सांगणाऱ्या एकमेव माणसापासून आम्ही चोरी झाल्याचंच लपवून ठेवलं होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच.

मुलगी गोळी घेऊन आली. म्हातारीने तिचा हात बाजूला सारला आणि मला विचारलं, "तुमी कोन हा? खरं सांगा."

मी सांगितलं. ठाणेदार आहे, पदकांची चोरी झाल्याची फिर्याद आहे, आणि बाईवर आळ आहे. धक्का बसला तो मला. म्हातारी मरायच्या ऐवजी भडकली.

"त्या पोरीवर? मले कोनी सांगितलं कावून नाई? मी काय काचेची हावो का?"

आता माझ्या डोक्यात एकच विचार होता. पदकं बाईच्या घरात होती. खरोखरच तिच्या घरात, तिने "संपले" म्हणून सांगितलेल्या गव्हात. झडतीत ती पंचांसमोर निघाली असती, तर नंतर म्हातारीने हजार वेळा सांगितलं असतं तरी लोक म्हणाले असते, आई गरिबाला वाचवतेय. म्हणून आधी जबाब, मग जप्ती. मी तिथेच बसून स्वतःच्या हाताने म्हातारीचा जबाब लिहिला, वेळ टाकली, शेजारचे दोन प्रतिष्ठित बोलावून त्यांच्या सह्या घेतल्या.

शेवटची सही होत असतानाच महिला शिपायाचा फोन आला. आवाज खाली आणलेला. "साहेब, झडतीची खबर फुटली. अंगनात लोक जमले. नवऱ्यानं तिचे लुगडे बाहेर फेकले. बाई मागच्या दारानं निंघून गेली. मी मांगंच हावो."

"कुठे गेली?"

"विहिरीकडं."

"तिला बोलत ठेव. म्हाताऱ्या आईने गहू दिल्याचं सांगितलं म्हणून सांग. मी निघालो." फोन तुटला. परत लावला, लागला नाही.

म्हातारीने चपला घातल्या होत्या. मुलगी रडत होती, डॉक्टरांचं नाव घेत होती. म्हातारी म्हणाली, "माह्या शब्दाबिगर थे पोरगी थांबनार नाई. चला." माझ्याजवळ वाद घालायला वेळ नव्हता. मी मुलीलाही गोळ्यांसकट गाडीत बसवलं.

तो रस्ता मी आयुष्यात विसरणार नाही. मूर्तिजापूर गेलं, बडनेरा यायला तयार नाही. मागच्या सीटवर म्हातारी डोळे मिटून बसलेली. ती श्वास घेतेय की नाही हे मी आरशात बघायचो, आणि मग फोन लावायचो. फोन लागत नव्हता. मध्येच तिने मुलाला फोन लावायला लावला आणि एवढंच म्हणाली, "गहू मी देल्ले, बिल्लेबी मीच ठेवले. त्या पोरीले कोनी बोट लावलं तं मी पुन्हा त्या घरात पाय ठेवनार नाई." आणि फोन मुलीकडे परत दिला. मी मनातल्या मनात देवाचं नाव घेत होतो. इतकी वर्षं मी ते ड्युटीवर कधी घेतलं नव्हतं.

गावात पोचलो तेव्हा उन्हं कलायला लागली होती. विहिरीभोवती लोक लांब उभे होते, कोणी पुढे जात नव्हतं. मला वाटलं, संपलं. मग दिसलं की बाई काठावर पाय आत सोडून बसलेली आहे आणि आमची महिला शिपाई तिच्या शेजारीच, तशीच पाय सोडून, तिच्या लुगड्याच्या निऱ्या मुठीत घट्ट धरून बसली आहे. फोन कुठेतरी धडपडीत पडला होता. आमच्या त्या शिपाई पोरीला पोहता येत नव्हतं, हे मला नंतर कळलं.

मी पुढे होणार तोच म्हातारी मला ओलांडून गेली. "माय," ती म्हणाली, "गहू मी देल्ले. सगळ्याईले सांगितलं. आता उठ."

बाईने वळून पाहिलं. कमरेला खोचलेल्या पदराची गाठ सोडली आणि मूठ पुढे केली. तिन्ही पदकं तिच्या हातात होती. दसऱ्यासाठी गहू निवडायला बसली तेव्हा ती तिला सापडली होती, पण तोवर गावभर बोंब झालेली. परत द्यावीत तर चोर, ठेवावीत तरी चोर. मी तिचा जबाब घेत होतो तेव्हासुद्धा ती पदकं तिच्या कमरेला होती.

म्हातारीने तिथेच सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात नवसाचं सांगितलं. बाई ऐकत होती की नाही कोण जाणे. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "दोन डाव आली होती साहेब इथं. विहिरीत टाकले असते तं सुटली असती. कोनाले सापडलं असतं?"

"मग का नाही टाकले?"

"बाबाजी मले रोज सांगत. खाऱ्या पान्यातून मानसं काढले, म्हून हे भेटलं. अन् मी हे खाऱ्या पान्यात टाकू? मंग मलेच जावं वाटे त्याच्यापेक्षा."

नवरा पुढे आला आणि अंगणात फेकलेल्या तिच्या लुगड्यांतलं एक तिच्या अंगावर घालून उभा राहिला. शरमेने त्याला दुसरं काही सुचलं नसावं. पंच बोलावलेलेच होते. मी तिथेच पंचनामा केला, आणि पुढे वस्तुस्थितीच्या गैरसमजातून झालेली फिर्याद म्हणून प्रकरणाची 'क' समरी कोर्टात पाठवली. चहाच्या हॉटेलवाल्याने नंतर कितीतरी दिवस माझ्याशी नजर मिळवली नाही, आणि चहाही दिला नाही.

या प्रकरणाने मला एक गोष्ट शिकवली, ती पुढे मी नव्या पोरांना नेहमी सांगत आलो. खोटं बोलणारा माणूस ओळखता येणं ही पोलिसाची अर्धीच विद्या आहे. बाई खोटं बोलली होती. माझं निदान बरोबर होतं. तरी तिने काहीच चोरलेलं नव्हतं. घाबरलेला निरपराध माणूस गुन्हेगारापेक्षा वाईट खोटं बोलतो, कारण त्याला सवय नसते. म्हणून खोटं पकडलं की लगेच हातकडी काढू नये. ज्याला आपण विचारलं नाही असं कोण राहिलंय, ते आधी बघावं. बहुतेक वेळा घरातलं एखादं म्हातारं माणूस राहिलेलं असतं.

पण माझ्या मनात राहिलंय ते हे नाही. त्या संध्याकाळी आम्ही सगळे बुवांच्या खोलीत गेलो. मुलाने पदकं त्यांच्या छातीवर ठेवली. बुवांनी त्यांच्याकडे बघितलंही नाही. डाव्या हाताने त्यांनी स्टुलाशी उभ्या असलेल्या बाईचं मनगट धरलं, घट्ट, बोटं पांढरी पडेपर्यंत, आणि घशातून आवाज काढायला लागले. सवयीने सगळे तिच्या तोंडाकडे बघायला लागले. ती नुसती रडत होती.

"काय म्हणतायत?" मी विचारलं.

तिने डोळे पुसले. "त्या लढाईत शेवटचा एक जन होता साहेब. त्याचा हात तेलानं निसटला, अन् तो गेला. हे बाबाजीनं घरात कोनालेच सांगितलं नाई. मले रोज सांगत." तिने मान खाली घातली. "आता म्हनून राहिले, हा हात नाई सुटला."